आमच्या तणसातलं मुंगूस

मुंगूस मला आठवतं ते पाठमोरंच. करडी पाठ, लांब शेपूट आणि कुंपणाखाली शिरायची घाई. आंबागडला, माझ्या माहेरी, शाळेच्या वाटेवर ते आडवं गेलं की आम्ही पोरी जागीच थांबायचो. दप्तरं खाली ठेवायचो, हात जोडायचो आणि त्याला देवाची आण घालायचो, की बाबा रे, जाण्याआधी एकदा वळ आणि तोंड दाखव. त्यानं तोंड दाखवलं तर दिवस चांगला जाणार, पेपर सोपा येणार. नाही दाखवलं तर घरी परत जाऊन नव्यानं निघावं का, यावर आमचं भांडण जुंपायचं. मला गणित कधीच सोपं गेलं नाही, पण त्याचा दोष मी मुंगसाला देत नाही. त्यानं बिचाऱ्यानं कितीदा तरी तोंड दाखवलं होतं.

हे सगळं मी विसरून गेले होते. सानगडीला सासरी आले, मग संसार, म्हशी, भाताची रोवणी, कापणी यांत मुंगसाला आण घालायला फुरसत कोणाला होती? ती आण पुन्हा आठवली नातीमुळं. आमच्या घरामागे सांदवाडी आहे. परसबाग म्हणा, पण बाग म्हणण्यासारखं तिथं काही नाही. पपई, शेवगा, भेंडीचे वाफे आणि भात झोडून उरलेल्या तणसाचा भला मोठा ढीग. या ढिगाच्या पोटात एक मुंगूस राहतं. दुपारी घर निजलं की ते बाहेर येतं, मागच्या पायांवर उभं राहून इकडंतिकडं बघतं आणि कोणाची चाहूल लागली की पाठ फिरवून पसार होतं. नातीला मांडीवर घेऊन मी तिथं बसू लागले, आणि एके दिवशी माझे हात आपोआप जोडले गेले.

"मुंगसा, तोंड दाखव, तुले देवाची आन हाय!" मी म्हटलं.

नात माझ्याकडे बघून खुदकन हसली आणि तिनंही हात जोडले. बोलली मात्र काही नाही. कारण ती बोलतच नव्हती.

तिला तीन वर्षं होऊन गेली होती. तिच्या बरोबरीची शेजारची पोरं तोंडाचा पट्टा चालवायची, खोटं बोलायची, शिव्याही द्यायला लागली होती, आणि ही आमची राणी नुसती बघायची. समजत नव्हतं असं नाही. तांब्या आण म्हटलं की तांब्या आणायची, आजोबांची चप्पल लपव म्हटलं की चप्पल लपवायची आणि विचारलं तर ती आपण नव्हेच असा चेहरा करायची. साकोलीला डॉक्टरला दाखवलं. त्यांनी कान तपासले, घुंगरू वाजवून बघितलं, तिच्याशी खेळले आणि म्हणाले, कान ठीक आहेत, समज चांगली आहे, तुम्ही घरात तिच्याशी खूप बोलत राहा आणि काही महिन्यांनी पुन्हा आणा. एवढंच. औषध नाही, गोळी नाही. आम्हाला ते काही खरं वाटलं नाही. बोला म्हणजे काय? आमच्या घरात न बोलता कोण राहत होतं?

"पोरगी चूप हाय तं राहू द्या," आमचे हे म्हणाले. "या घरात बोलनाऱ्या बाया का कमी हायेत?"

मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

आमची सून राजनांदगावकडची. आमच्या भागात हे नवीन नाही. सीमेपलीकडे सोयरीक होते, तिकडच्या पोरी इकडे येतात, इकडच्या तिकडे जातात, आणि वर्षभरात कोण कुठली ते ओळखू येत नाही. ही मात्र ओळखू यायची, कारण बोलायची फार. छत्तीसगढीत. लग्न होऊन आली तेव्हा मला अर्धं कळायचं, अर्धं मी कळल्यासारखं करायची. पहिल्या वर्षी आम्ही दोघी सपरीत, म्हणजे पडवीत बसून तांदूळ निवडायचो आणि जनावरांची नावं एकमेकींना सांगायचो. दुसरं काय बोलणार? घरची भानगड बोलावी एवढी ओळख नव्हती, आणि जनावरं तर समोरच फिरत होती.

मी म्हणायची, "हे सेरी."

ती म्हणायची, "छेरी."

मला गंमत वाटायची. शाळेतल्या पुस्तकात शेळी, आमच्या तोंडी सेरी, तिच्या तोंडी छेरी. एकच शेळी तीन दारं फिरून आल्यासारखी. कोल्ह्याला ती कोलिहा म्हणायची, वाघाला बघवा. मी मनाशी ठरवून टाकलं, की भाषा म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. शब्द तोच, जरा चेहरामोहरा बदलतो, शेजारच्या गावात लग्न होऊन गेलेल्या बहिणीसारखा. मी अशा थाटात होते की दोन महिन्यांत छत्तीसगढी माझ्या खिशात.

मग मुंगूस निघालं तणसातून.

"हे मुंगूस," मी म्हटलं आणि वाट बघत बसले, की आता ही मुंगस म्हणते का मुंगसा.

"नेवरा," ती म्हणाली.

मी तिला पुन्हा विचारलं. पुन्हा नेवरा. आता कुठं मुंगूस आणि कुठं नेवरा? मला उगाच राग आला. सेरी, कोल्हा सगळे माझ्या बाजूनं उभे राहिले आणि या एवढ्याशा जनावरानं दगा दिला. त्यात आमचं मुंगूस ते, आणि तिचा नेवरा तो. तणसात एकच जीव, पण ती बोलली की तो पुरुष व्हायचा.

याच्यावर कडी म्हणजे भात कापायचं मोठं यंत्र घेऊन तेलंगणातून एक ड्रायव्हर आला होता. आमच्या बांध्यांतलं, म्हणजे खाचरांतलं भात कापून झाल्यावर जेवायला सांदवाडीतच बसला. हिंदी त्याची अशी, की ऐकताना आपलीच चूक होते आहे असं वाटावं. तेवढ्यात मुंगूस पळालं. त्यानं हातातला घास तसाच धरून बोट दाखवलं आणि म्हणाला, "मुंगीस!" मी वाढता वाढता थांबले. तुमच्या घरी म्हणतात का असं, विचारलं, तर हो म्हणाला, गावाकडे असंच म्हणतात. मी त्याला आणखी दोन चपात्या वाढल्या, नको म्हणत होता तरी. इतक्या लांबून आलेला माणूस मुंगूस म्हणतो, आणि दोन-अडीच तासांच्या वाटेवरची सून नेवरा म्हणते. शब्द कोणत्या रस्त्यानं जातात आणि कुठं उतरतात, याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही. आंबागडला आमच्या शेजारी एक गोंड म्हातारी होती, तिचं तर आणखी तिसरंच नाव होतं. ती सांगायची, मी म्हणून दाखवायची, ती हसायची. ते नाव मी आता विसरले. खूप आठवून बघते, ओठांवर येतं आणि मुंगसासारखंच पाठ फिरवून जातं.

नात झाली, मोठी झाली, बोलायच्या वयाची झाली, तेव्हा मुलानं लाखांदूरहून चित्रांचा तक्ता आणला. त्याचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तक्त्यावर सगळी जनावरं रंगीत आणि खाली इंग्रजी नावं. तो रोज जेवणाआधी पोरीला भिंतीपुढे उभी करून शिकवायचा.

"बोल बेटा, मंगूज."

मी ऐकत होते. म्हटलं, "तुले मुंगूस म्हनता येत नाई काय रे? जीभ काहून वाकडी करून राहिलास?"

"आई, हे इंग्लिश हाय."

"इंग्लिश कायचं? हे तं आपलं मुंगूसच हाय."

त्याला ते खटकलं असावं. त्यानं मोबाइलवर शोधलं, आणि जरा वेळानं तोंड बारीक करून म्हणाला, इंग्रजांनी हा शब्द आपल्याच लोकांकडून घेतला असं लिहिलं आहे. मराठीतून म्हणे. कोणी तेलुगूतून म्हणतात. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला सांगायला निघाले होते. दारापर्यंत गेले आणि डोक्यात गोंधळ सुरू झाला. आपलंच मुंगूस साहेबांच्या देशाला जाऊन, कोट घालून परत आलं, आणि माझा मुलगा आपल्या पोरीला त्या कोटासकट ते शिकवतो आहे. मग मी आनंद मानायचा की रागवायचं? मी दारातून परत आले आणि तांदूळ धुवायला घेतले.

एवढंसं जनावर. आजी म्हणते मुंगूस, आई म्हणते नेवरा, बाप म्हणतो मंगूज. आणि पोरगी मधोमध उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघते.

तोवर आम्हाला याचं काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते एका लग्नात. आमच्या ह्यांच्या नात्यातली एक बाई नागपूरहून आली होती. पंगतीत तिनं नातीला विचारलं, नाव काय तुझं? नात बघत राहिली. बाईनं दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग आमच्याकडे वळून, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, की घरात तीन-तीन भाषा बोलता, लेकराच्या डोक्याचा काला करून टाकला तुम्ही. एकच भाषा ठेवा. बाकीच्या बंद करा. तेव्हाच तोंड उघडेल तिचं. असं म्हणून तिनं बुंदी मागून घेतली.

मी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण मनात आलं, खरंच तसं असेल तर? डॉक्टर म्हणाले बोलत राहा, ही म्हणते बंद करा. डॉक्टर शिकलेला, पण ती इतकी ठाम होती. ठाम बोलणाऱ्या माणसाचं खरं वाटतं, हा माझा लहानपणापासूनचा रोग आहे. सुनेनं पानातली भाजी तशीच ठेवली. येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती, पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती, आणि कोणी त्या गोष्टीचं नावसुद्धा काढलं नाही.

मी मात्र मनात हिशेब करत होते. एक भाषा ठेवायची तर कोणती? मंगूज तर जाऊ दे, तो तक्त्यावरच बरा. राहिल्या दोन. आणि मला वाटलं, पोरगी आईची आहे. नऊ महिने पोटात तिनं हीच बोली ऐकली. न्हाऊमाखू घालताना, पाजताना, निजवताना सून तिच्याशी अखंड बडबडायची, नोनी असं, नोनी तसं. नोनी म्हणजे पोरगी, तिकडे लाडानं म्हणतात. मग बंद व्हायची ती माझीच व्हावी. आजीचं काय, आजी आज आहे. मी ठरवलं आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आमच्या ह्यांनी गावभर केलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नातीशी छत्तीसगढी बोलायला लागले. म्हणजे मी छत्तीसगढी समजत होते ते. "नोनी, आव ना वो, भात खा ले," असं काहीतरी. "का होगे तोला?" म्हणजे काय झालं तुला, असंही एकदा म्हटलं, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले. पोरगी माझ्याकडे अशी बघायची, की आजीची साडी नेसून ही कोण बाई आली आहे? तिनं माझ्या हातचा घास खाणं कमी केलं. मी म्हटलं, होईल सवय.

घर शांत व्हायला लागलं होतं, ते माझ्या लक्षात जरा उशिरा आलं. सकाळी न्हाणीतून पाण्याचा आवाज यायचा, सुनेचा यायचा नाही. ती पोरीला न्हाऊ घालायची, पुसायची, कपडे घालायची, आणि सगळं मुकाट्यानं. स्वयंपाक करताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायची तेही बंद. मला वाटलं, आजारी आहे.

"काय वो पोरी, बरं नाई वाटून राहिलं काय?" मी विचारलं.

"बरी हावो आई," ती म्हणाली.

मराठीत. आमच्या मराठीत. मी त्याचा काही अर्थ लावला नाही, मला बरंच वाटलं.

मग ती दुपार आली. मी नातीला घेऊन तणसाच्या ढिगापाशी बसले होते. मुंगूस बाहेर आलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं. मी माझ्या नव्या भाषेत, सगळा जोर लावून म्हटलं, "देख नोनी, नेवरा आवत हे!"

आणि त्याच वेळी मागच्या दारातून सुनेचा आवाज आला, "बघ बाई, मुंगूस आलं!"

माझ्या तोंडी तिचा नेवरा, तिच्या तोंडी माझं मुंगूस. नातीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मुंगूस केव्हाच गेलं होतं. पोरगी उठली आणि सरळ घरात जाऊन गोधडीत तोंड खुपसून पडली.

"तू मुंगूस काहून म्हनून राहिलीस?" मी विचारलं.

"आई, तुमी नेवरा काहून म्हनून राहिल्या?"

मला हसू यायला हवं होतं. राग आला. राग कोणाचा ते मला सांगता येणार नाही. त्या बुंदीवालीचा, मुलाच्या तक्त्याचा, स्वतःचा, सगळ्यांचा मिळून. मी म्हटलं, मी माझी बोली सोडली ती तुझ्यासाठी, आणि तू तिकडे तुझी गुंडाळून ठेवलीस? मला विचारायचं तरी! ती म्हणाली, तुम्ही तरी कुठं सांगितलं? हे मात्र खरं होतं, म्हणून मी आणखी जोरात बोलले. मग ती उंबऱ्यावर बसली आणि तिचं सगळं बाहेर आलं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्येच तिची बोली.

तिचं म्हणणं, बाहेरची ती. तिची बोली बाहेरची. मराठी गावात, मराठी शाळेत पोरगी जाणार, तर बंद करायची ती तिचीच बोली बंद करायला पाहिजे. माझ्यामुळं माझ्या पोरीचं तोंड बंद झालं, असं ती म्हणाली. ती आता आपल्या आईशी फोनवर बोलायलासुद्धा गोठ्यामागे जात होती, पोरीच्या कानावर पडू नये म्हणून. आणि मराठी तिला यायची ती कामापुरती. चूल, पाणी, भाजी, बाजार. लेकराशी लाड करण्याइतकी येत नव्हती. म्हणून ती गप्प राहायची.

"उसका मुँह देखती हूँ ना आई, तं आपोआप निंगते माझी बोली," ती म्हणाली. "म्हनून मी तिच्याकडे पाहतच नाई."

मला वाटलं होतं की मी मोठी, मी शहाणी, मी काहीतरी सोडलं. आणि इथं ही आपल्या पोटच्या पोरीकडे बघायचं सोडून बसली होती. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण आमच्यात तशी पद्धत नाही, मी पदरानं तिचं नाक पुसलं. म्हटलं, तू तुझं बोल, मी माझं बोलते, जे होईल ते होईल. ती म्हणाली, आणि ती बाई खरं बोलत असली तर? पोरगी कधीच बोलली नाही तर कोणाला धरायचं?

संध्याकाळी आम्ही दोघी काहीही न ठरता उठलो.

मी माझ्या मराठीवर परत आले, कारण माझी छत्तीसगढी मलाच सहन होत नव्हती. सून मात्र हट्टी. ती गप्पच राहिली. पोरगी जवळ आली की कामाचं निमित्त काढून पाठ करायची. मुलाला मी सांगितलं, की तिला समजाव. तो म्हणाला, समजावलं, ऐकत नाही. आमच्या ह्यांना सांगितलं, तर पहिल्यांदाच त्यांनी काही टिंगल केली नाही. तंबाखू मळत म्हणाले, "त्या बाईले बुंदीच जास्त वाढाले पाह्यजे होती, तोंड तरी भरलं रायलं असतं."

नात आता एकटीच मागे जाऊन बसायची. तणसापुढे हात जोडून उभी राहायची. मुंगूस आलं, वळून बघितलं, की समाधानानं घरात यायची. तोंडातून शब्द नाही. मी तिच्या मागे उभी राहून बघायची. डॉक्टरकडे पुन्हा न्यायचे दिवस जवळ आले होते. ते विचारणार, खूप बोललात ना? आणि आम्ही काय सांगणार, की हो, एकमेकींच्या भाषेत बोललो आणि मग एकीनं तोंडच मिटलं?

त्या दिवशी सकाळची वेळ होती. मी चुलीपाशी होते, भाताचं पाणी चढलं होतं. सून सपरीच्या पायरीवर सुपात तूर पाखडत बसली होती, अंगणाकडे पाठ करून. नात अंगणात एकटीच मातीत खेळत होती. मग ती उठली आणि आईच्या मागे येऊन उभी राहिली. सुनेला चाहूल लागली. तिनं सूप जरा जोरात हलवलं, मान आणखी खाली घातली. नात एका बाजूनं पुढे आली. सुनेनं तोंड दुसरीकडे फिरवलं. नात त्या बाजूला गेली. सुनेनं पुन्हा फिरवलं. मला स्वयंपाकघराच्या दारातून हे दिसत होतं आणि मी ओरडणारच होते, की अवं बघ ना तिच्याकडे, मेली का काय तू!

पण पोरगी थांबली. दोन पावलं मागे सरली. आणि तिनं हात जोडले.

तसेच, तणसाच्या ढिगापुढे जोडायची तसे, कोपरं अंगाला चिकटवून. आणि तिच्या घशातून घोगरा, बोबडा, न वापरलेला आवाज आला.

"नेवला," ती म्हणाली. "तोंद दाकव."

पळी माझ्या हातातच राहिली. भात उतू गेला, चूल फुसफुसली, आणि मी जागची हलले नाही. नाव तिच्या आईचं होतं आणि आण माझी होती. आम्ही दोघी ज्यासाठी घरात भिंत घालायला निघालो होतो, ते पोरीनं एका दमात, एका वाक्यात, कुठं सांधा न ठेवता बोलून टाकलं होतं. आता तिला आई म्हणजे मुंगूस वाटली, की जो कोणी पाठ फिरवतो त्याला असंच म्हणायचं असतं असं वाटलं, ते मला कळलं नाही. मी नंतर तिला किती विचारलं. ती आता खूप बोलते, तिन्ही बोल्यांची मिसळ करून आमचं डोकं उठवते, पण याचं उत्तर देत नाही.

सुनेच्या हातातलं सूप कलंडलं. तूर पायरीवरून अंगणात सांडली. तिनं हळूहळू मान वळवली आणि पोरीला तोंड दाखवलं. ते तोंड ओलं होतं, नाक लाल झालं होतं, पदर कुठं गेला होता. पोरीनं ते नीट निरखून बघितलं. मग शाळेच्या वाटेवर आम्ही निघायचो तशी, आता दिवस चांगला जाणार अशा खात्रीनं, ती उड्या मारत सांदवाडीकडे निघून गेली.

आणि तिची आई सांडलेल्या तुरीतून अनवाणी तिच्यामागे धावली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, आपल्या बोलीत ओरडत, "ए नोनी! रुक ना ओ नोनी! अउ एक पइत बोल ना!"